विहीणबाई, मी आणि स्टुटगार्टचा मासा

विमान मुंबईहून उठलं तेव्हा माझ्या पिशवीत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, ओवा, खारकेची पूड असा बाळंतिणीचा सगळा सरंजाम होता. शेजारच्या सीटवर विहीणबाई होत्या. आणि आम्हा दोघींच्या मध्ये सहा वर्षांपूर्वी मी मारलेली एक थाप बसली होती.

त्या थापेबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा प्रवास कळेल. मी वेंगुर्ल्याची. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि साठ वर्षं मासे खाल्ले. माझ्या मृणालचं पुण्याच्या सौरभशी जमलं, तेव्हा त्याच्या आई कुमुदताई बोलणी करायला आमच्या घरी आल्या. त्यांचं घर पक्कं शाकाहारी; चातुर्मासात कांदासुद्धा बंद. चहा घेताघेता त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे रोज मासे असतात का हो?" मला वाटलं, बाई नाक मुरडतायत. माझा स्वभाव मुळात तापट. ताडकन म्हणाले, "छे! आम्ही केव्हाच सोडलं ते सगळं." आमच्या ह्यांना चहाचा ठसका लागला. मी त्यांची पाठ थोपटली, जरा जोरातच. त्या दिवसापासून कुमुदताईंसमोर मी शाकाहारी झाले. दिवाळसण, डोहाळजेवण, पुण्याला दोन-दोन दिवसांच्या भेटी, एवढ्यापुरतं ते निभावलं. पण २०१४च्या ऑक्टोबरात मृणालच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघी एकदमच जर्मनीला निघालो, तीन महिन्यांच्या व्हिसावर. तीन महिने, एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात.

स्टुटगार्ट मी मुलांना शिकवलं होतं. फळ्यावर निळ्या खडूने नेकार नदी काढायची, काठावर एक ठिपका द्यायचा आणि म्हणायचं, "इथे मोटारी तयार होतात." प्रत्यक्षात विमानतळावरून घरी येताना नदी कुठे दिसलीच नाही. हे शहर म्हणजे एक मोठी परात आहे. मधोमध बाजार आणि स्टेशन, आणि कडांवर चढत गेलेली घरं. मधूनच उतारावर द्राक्षांचे मळे. सौरभचं घर वरच्या अंगाला, फायहिंगन नावाच्या उपनगरात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.

दोन आठवड्यांत नातू झाला. बाळ कोणाच्या वळणावर गेलंय यावरून माझी आणि कुमुदताईंची रोज जुंपायची, पण ती गोडीची भांडणं होती. खरा प्रश्न ताटात होता. रोज वरण-भात, घेवडा, कोबी, पुन्हा घेवडा. कुमुदताईंच्या हाताला चव आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिसऱ्या आठवड्यात मला स्वप्नात बांगडे दिसायला लागले. त्यात वेंगुर्ल्याहून आमचे हे रोज सकाळी मोबाईलवर ताज्या मासळीचे फोटो पाठवायचे. वर लिहायचे, "तुझी आठवण येते."

मी मृणालला एकटीला गाठलं. म्हटलं, "अगं, तू काँटीनमध्ये (कंपनीच्या खाणावळीत) खातेस ना मासे? मग मला एकदा कुठेतरी घेऊन चल."

"आई, प्लीज," ती बाळाला थोपटत कुजबुजली. "तीन महिने फक्त. गेनाऊ (अगदी मोजून) तीन महिने. आईंना कळलं ना, तर त्यांना वाटेल लग्नाच्या वेळी मीपण खोटं बोलले. मला त्यांच्यासमोर तोंड दाखवायचंय गं."

लेकीनं असं म्हटल्यावर मी गप्प बसले. पण नाक गप्प बसेना. दुसऱ्या मजल्यावर फ्राऊ म्युलर नावाच्या आजी एकट्या राहायच्या आणि दर शुक्रवारी दुपारी साडेबाराला मासा तळायच्या. तो वास जिन्यात भरायचा. आता जिन्यात उभं राहायला काहीतरी निमित्त हवं. ते या गावानेच दिलं. इथे केरवोखे (जिना झाडण्यापुसण्याची पाळी) असते. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी लटकते, आणि पाळी चुकवणाऱ्याकडे लोक फार वाईट नजरेने बघतात. मी सौरभला म्हटलं, "मला व्यायाम हवाच आहे, जिन्याचं मी बघते." पाटी आमच्या दारावर असो वा नसो, दर शुक्रवारी साडेबाराला मी बादली घेऊन दुसऱ्या मजल्यावर हजर. तिथल्या आठ पायऱ्या मी पाऊण तास पुसायचे. फ्राऊ म्युलर दार उघडून "सुपर, सुपर!" म्हणायच्या, आणि उघड्या दारातून वासाचा आणखी एक झोत यायचा. इमारतीत माझं नाव झालं. जर्मनांनी एका परदेशी बाईच्या स्वच्छतेचं कौतुक करावं याचा सौरभला केवढा अभिमान! कुमुदताई मात्र नुसत्या बघायच्या.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जिना पुसत तळमजल्यावर आले, तर सूचनाफलकावर एक नवा कागद. त्यावर माशाचं चित्र! तांबूस, खरपूस, खवले अगदी रेखीव, वरून वाफा निघतायत. मजकूर मला वाचता येईना. शनिवार कळला, चर्चचं चित्र कळलं, आणि फॉयरझे हे स्टेशनचं नाव कळलं. मला तेवढं पुरेसं होतं.

शनिवारी सकाळी मी जाहीर केलं, "मी जरा फॉयरझेचं चर्च बघून येते. वास्तुशिल्प म्हणून."

"चला, मीही येते," कुमुदताई म्हणाल्या. "बाळ झाल्यापासून सहा आठवडे खिडकीतून आभाळच बघतेय."

मृणालने माझ्याकडे असं पाहिलं की मी मफलर घट्ट बांधून नजर चुकवली. कुमुदताईंनी साडीखाली सौरभचे लोकरीचे मोजे चढवले, वर त्याचा जाडा कोट घातला आणि हातात डबा घेतला. डब्याशिवाय त्या कोपऱ्यावरच्या बेकरीतसुद्धा जात नाहीत.

स्टेशनवर एस-बान (लोकल गाडी) समोरच उभी होती. दार बंद होईल म्हणून मी कुमुदताईंना दंडाला धरून आत ओढलं. गाडी निघाली आणि शहराकडच्या बोगद्यात शिरायच्या ऐवजी मोकळ्या माळावर आली. दोन्ही बाजूंना कोबी काढून झालेली शेतं, वर राखाडी आभाळ. मला कसलीतरी शंका यायला लागली होती. इतक्यात सगळे प्रवासी चाकांच्या बॅगा सांभाळत उठले. आम्ही विमानतळावर पोचलो होतो. तीस वर्षं मी मुलांना दिशा शिकवल्या.

फलाटावर उतरून कुमुदताईंनी शांतपणे पाटी बघितली. "शैलजाताई, मी इतकी नकोशी झालेय का हो? चर्च म्हणून थेट विमानतळ?"

परतीची गाडी यायला वेळ होता. त्यांनी बाकावर डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या. शेजारी एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पानाआडून दोनदा पाहिलं, तेव्हा कुमुदताईंनी त्यांच्यापुढे डबा धरला. त्यांनी बिचकत एक पुरी घेतली, खाल्ली, आणि न विचारता दुसरी घेतली. नंतर आम्हाला योग्य गाडीच्या योग्य डब्यात बसवून, हात हलवून ते गेले. कुमुदताई म्हणाल्या, "बघा, डबा असला की माणूस हरवत नाही."

फॉयरझे म्हणजे भर वस्तीतलं एक छोटं तळं. त्यावर बर्फाचा पातळ थर धरला होता आणि बदकं त्यावर गोंधळून उभी होती. काठावरच्या चर्चच्या मनोऱ्याला टोकच नाही. युद्धात उडालं, ते आठवण म्हणून तसंच ठेवलंय. आम्ही दोन मिनिटं खरोखरच वास्तुशिल्प बघितलं. पण बाजार तिथे नव्हता. तो होता वरच्या अंगाला, दुसऱ्या एका लहानशा चर्चच्या आवारात, आणि तिथे जायला श्टेफेले (टेकडीवर चढणाऱ्या दगडी पायऱ्या). कुमुदताईंचे गुडघे दुखरे. दर दहा पायऱ्यांवर त्या थांबत आणि म्हणत, "एवढं काय आहे हो वर?" मी म्हणायचे, "शांतता."

वर शांतता अजिबात नव्हती. माणसांची गर्दी, पाईनच्या फांद्यांचा वास, मेणबत्त्या, लोकरी टोपरी, कढत फळांचा रस. आणि अगदी कोपऱ्यात ते दुकान. सत्तरीच्या आसपासच्या एक कोरियन बाई विणलेली टोपी घालून उभ्या होत्या. समोर ओळीने बिडाचे साचे, दोन पाखांचे, माशाच्या आकाराचे. किटलीतून पीठ ओतायचं, मध्ये काहीतरी भरायचं, वर पुन्हा पीठ, पाख मिटायची आणि आचेवर साचा उलटायचा. उघडला की खमंग सोनेरी मासा बाहेर. ते 'मध्ये काहीतरी' मला गर्दीमुळे नीट दिसलं नाही. वास जरा गोडसर येत होता, पण दोन महिन्यांच्या उपवासी नाकावर माझा विश्वास उरला नव्हता.

"कुमुदताई, तिकडे मेणबत्त्या फार सुरेख आहेत," मी म्हटलं. "बारशाला होतील."

"हो का? बघते," म्हणून त्या लगेच गेल्या. इतक्या लगेच, की तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी एक मासा घेतला आणि जळाऊ लाकडांच्या ढिगाऱ्याआड गेले. आमच्याकडे माशाचं डोकं मानाचं, म्हणून डोक्यापासूनच सुरुवात केली. वरचा पापुद्रा कुरकुरीत. आणि आत पुरण. गोड, कढत, छान वाटलेलं पुरण! मी आणखी एक घास घेतला, पोटाचा. पुरणच. शेपटीपर्यंत पुरण. ज्या माशासाठी मी पायऱ्या पुसल्या, लेकीची नजर चुकवली, विमानतळ पाहून आले, त्याच्या पोटात आमच्या होळीचं जेवण निघालं. मला रडू कोसळलं. साठीच्या बाईने चर्चच्या आवारात माशाची शेपटी हातात धरून रडावं, याची आता लिहिताना लाज वाटते, तेव्हा अजिबात वाटली नाही.

डोळे पुसले तर समोर कुमुदताई. हातात मेणबत्ती, नजर माझ्या हातातल्या शेपटीवर.

आता वाचकहो, माझी बाजू किती भक्कम होती ते बघा. नुसतं म्हणायचं होतं, "अहो, गंमत बघा, आत पुरण आहे!" शेपटी मोडून दाखवली असती की पुरावा. थाप सही-सलामत, मृणालचं तोंड उजळ, आणि उरलेला महिना घेवड्यावर. शब्द ओठांवर आलेही. पण पुरणाने माझा असा काही घात केला होता की खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. "मी मासा समजूनच घेतला होता!" मी ओरडले. "मी मासे खाते, कुमुदताई. कधीच सोडले नव्हते. त्या दिवशी तुमच्यासमोर थाप मारली. मृणालचा यात काही दोष नाही, तिला बोलू नका. काय बोलायचं ते मला बोला."

कुमुदताई लाकडाच्या ओंडक्यावर बसल्या. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही खाता ते. पहिल्या दिवसापासून. तुमचा बोका हो! मी आले तेव्हा तो मोरीच्या दाराशी डोळे लावून बसला होता, दूध दाखवलं तरी हलेना. इतका गुबगुबीत बोका पडवळाच्या भाजीवर पोसत नाही." त्या हसल्या. "आणि इथे तुमचा शुक्रवारचा जिना. त्या आठ पायऱ्या झिजवल्यात तुम्ही."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले." त्या मेणबत्तीची वात उगाच सरळ करत राहिल्या. "मी त्या दिवशी विचारलं ते नाक मुरडायला नव्हे. मासे खाणाऱ्या घरातली मुलगी आमच्या घरी येणार, तिची उपासमार होईल याची मला काळजी. रोज लागत असतील तर मागच्या गॅलरीत तिला वेगळी शेगडी मांडून द्यावी असं ठरवलं होतं. आदल्या आठवड्यात बिडाचा तवासुद्धा आणून ठेवला होता. तर तुम्ही म्हणालात, आम्ही केव्हाच सोडलं. मग तवा माळ्यावर टाकला. सुनेला काय विचारणार? विचारलं असतं तर तिच्या आईला खोटं पाडल्यासारखं झालं असतं."

तापट माणसाची सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे राग काढायला कोणी सापडू नये. सहा वर्षं मी ज्या बाईला शिष्ट म्हणत होते, तिच्या माळ्यावर माझ्या लेकीसाठी तवा होता. मी हातातली शेपटी तेवढी पुढे केली. कुमुदताईंनी ती उलटसुलट पाहिली, डोळे गच्च मिटले आणि तोंडात टाकली. बराच वेळ चावून म्हणाल्या, "गोड कमी आहे. जायफळ नाही. पण वाटलंय चांगलं हो."

एवढ्यात त्या कोरियन बाई झारा घेऊन धावत आल्या. आपला मासा खाऊन कोणी रडावं, हे त्यांना नवीन होतं. त्या जर्मनमध्ये, मी शाळेतल्या इंग्रजीत, कुमुदताई हातवाऱ्यांनी, असं आमचं बोलणं झालं. बाई तरुणपणी नर्स म्हणून कोरियाहून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. आता दर हिवाळ्यात चर्चसाठी हे करतात.

"आत मासा का नाही?" मी तक्रारीच्या सुरातच विचारलं.

त्या हसत सुटल्या. हा मूळचा जपानी, असं त्यांनी सांगितलं. तिथे तो समुद्रातला मोठा, लग्नकार्यातला महागडा मासा. जपानी राजवटीत तो कोरियात आला आणि तिथे झाला बुंगो, तळ्यातला साधा मासा. बुंगोप्पांग हे त्याचं नाव. प्पांग म्हणजे पाव. माझ्यातली भूगोलाची बाई जागी झाली: आपला 'पाव' आणि त्यांचा 'प्पांग', दोन्ही पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरलेले! आत लाल चवळीसारख्या बारीक दाण्यांचं पुरण. युद्धानंतर अमेरिकेचं मदतीचं पीठ आलं, तेव्हा थंडीत कोपऱ्या-कोपऱ्यावर याच्या गाड्या लागल्या. मी म्हटलं, आमच्याकडेही रेशनवर अमेरिकेचा लाल गहू यायचा. त्या म्हणाल्या, "लहानपणी आम्हाला मासा कुठला मिळायला? मग हाच."

मी हे कुमुदताईंना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे ज्यांना मासा मिळत नाही त्यांच्यासाठीच केलाय. मग तुम्ही बरोबर दुकानात आलात."

कौतुकाने मी मोबाईलमधला नातवाचा फोटो दाखवला. बाळ तोंड वेडंवाकडं करून भोकाड पसरतंय असा तो फोटो. बाईंनी तो पाहिला, मग माझं रडून सुजलेलं तोंड पाहिलं आणि आनंदाने ओरडल्या, "बुंगोप्पांग!" एकाच साच्यातून निघाल्यासारखी माणसं दिसली की त्यांच्याकडे असंच म्हणतात म्हणे. बाळ कोणाच्या वळणावर याचा सहा आठवड्यांचा वाद मी जिंकले, पण तो असा. कुमुदताई हसून हसून ओंडक्यावरून घसरल्या. मग उठून त्यांनी घरी न्यायला चार मासे बांधून घेतले.

घरी जाऊन त्यांनी सुनेच्या हातात पुडा दिला. "घे, मासा. तुझ्या आईने आणि मी बरोबर खाल्ला." मृणालचा चेहरा पांढरा पडला. मग तिने पुडा उघडला, मोडून बघितला, आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि सासूच्या गळ्यात पडून रडली. सौरभ बाळाला घेऊन दारात उभा होता. तो म्हणाला, "आल्झो (बरं तर), मला कोणी सांगेल का काय चाललंय?" त्याला सांगायला कोणाला सवड नव्हती.

पुढच्या शुक्रवारी कुमुदताई स्वतः डबा घेऊन फ्राऊ म्युलरकडे गेल्या आणि खुणा करकरून माझं जेवण ठरवून आल्या. "जा, बाळाला मी बघते," म्हणाल्या. मी नेसून-सजून गेले. आजींनी पांढराशुभ्र मासा पावाच्या चुऱ्यात तळला होता, सोबत बटाट्याचं आंबटसर सॅलड. मीठ सोडलं तर माशाला काहीही लावलेलं नव्हतं. तिखट नाही, कोकम नाही, काही नाही. मी सगळा खाल्ला, "सुपर, सुपर" म्हटलं, आणि वर जाताना मनात आलं की यापेक्षा त्या पुरणाच्या माशाला चव होती. मात्र जिना मी जायच्या दिवसापर्यंत पुसला. आता पाटीप्रमाणे, शनिवारी.

जानेवारीत आम्ही परतलो. मुंबईहून पुण्याला कुमुदताईंना सोडायला गेले, तर दार उघडल्या उघडल्या त्यांनी स्टूल लावून माळ्यावरून एक पुडकं काढलं. सहा वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, तेलाचं एक बोटही न लागलेला बिडाचा तवा. "सून तिकडे स्थायिक झाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही न्या."

इतकी वर्षं नकाशावर बोट ठेवून मी मुलांना देश दाखवले. समोर बसलेल्या माणसाच्या एका साध्या प्रश्नात काय आहे हे मात्र मला बघता आलं नाही, त्यासाठी जर्मनीत जाऊन कोरियाचा मासा खावा लागला. याचं मला खरंच वाईट वाटतं. तो प्रश्न मी तेव्हा नीट ऐकला असता, तर सहा वर्षं आधी एक मैत्रीण मिळाली असती.

वेंगुर्ल्याला आल्यावर तवा तापवून, तेल मुरवून तयार केला. तिसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी बांगडे आणले. बोका मोरीच्या दाराशी जागा धरून बसला. मी बांगड्यांना मसाला चोळला आणि तेवढ्यात फोन वाजला.

"आज तव्याचा मुहूर्त ना?" कुमुदताई विचारत होत्या. "टाकलात का?"

"आता टाकतेच आहे."

"मग फोन तव्याजवळ धरा."

मी धरला आणि पहिला बांगडा सोडला. चर्रर्र आवाज झाला. मग कुमुदताई म्हणाल्या, "छान वाजतो हो. आता उलटा, करपेल."